शिवप्पा मामांच्या माथी मारलेली माझी चूक

गंगव्वा मावशी, महादेवी, आणि इथं जमलेली सगळी मंडळी,

आजच्या या शोकसभेत आधीच्या सगळ्यांनी शिवप्पा मामांच्या चांगुलपणाबद्दल सांगितलं. तेवढंच सांगून खाली बसावं, असं मलाही वाटत होतं. पण ते जमणार नाही.

मी वैशाली. इंजिनिअर. मामा मैंदर्गीहून सोलापुरात आले ते सळया बांधायच्या कामाला. कॉलममध्ये काँक्रीट ओतण्याआधी आत लोखंडाचा सांगाडा उभा करतात ना, तो मामा बांधायचे. उभं आयुष्य त्यांनी तेच केलं.

माझं पहिलं काम मल्लिनाथ अण्णांच्या घराचं. अण्णा आज इथं मागं बसलेत. पोर्चच्या दोन कॉलमचं गणित मी केलं. वर नुसता छोटा स्लॅब. एवढं वजन एकटं काँक्रीटच पेलेल, असं उत्तर आलं. मी नावाला चार बारीक सळया दाखवल्या. कॉलममध्ये ठराविक लोखंड घालावंच लागतं, हा नियम मी शिकले होते. पण तो मोठ्या इमारतींसाठी असेल, असं मीच ठरवून टाकलं.

मामांनी ड्रॉइंग दोनदा पाहिलं. म्हणाले, "ताई, ह्या सळया लई बारीक हायत. कॉलमला एवढं कमी लोखंड घालू नका."

मी म्हटलं, "मामा, वर वजन आहेच कुठं?"

"वजन सरळच येतं व्हय? जरा कडेला पडलं की कॉलम वाकतोय की."

मी हसले. इंजिनिअर कोण, तुम्ही की मी, असं विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. मामांनी मान खाली घातली आणि मी सांगितल्या तशाच सळया बांधल्या.

मंडळी, मामांचं म्हणणं बरोबर होतं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. कॉलम जरासा वाकला तरी एका बाजूला ताण येतो, तो लोखंडानंच घ्यायचा असतो. शिवाय भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू आखडत जातं आणि आपला भार सळयांवर ढकलतं. सळया फार कमी असल्या तर त्यांनाच तो झेपत नाही. म्हणून गणितात शून्य आलं तरी ठराविक लोखंड घालायचं. गणिताला न दिसणाऱ्या गोष्टींसाठी तो नियम आहे. मला तो पाठ होता. मामांना तो कळला होता.

दोन वर्षांनी अण्णांनी पोर्चच्या कडेला पाण्याची टाकी बसवली. कॉलमला आडव्या भेगा गेल्या. कुणाला इजा झाली नाही. स्लॅबखाली टेकू लावायला मामांनाच बोलावलं होतं. अण्णांनी मला विचारलं, "मॅडम, चूक कुणाची?"

मामा चार हातांच्या अंतरावर टेकू धरून उभे होते.

मी म्हटलं, "सळया नीट बांधल्या गेल्या नाहीत."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा टेकू ठोकायला लागले.

ही गोष्ट ठेकेदारांत पसरली आणि त्यांना शहरात काम मिळेना. ते सांगोल्याकडं निघून गेले, मिळेल ते करत राहिले. मावशी, मामांच्या संसारात ती वर्षं तुम्ही कशी काढलीत, ते विचारायचं धाडस मला आजवर झालं नाही.

पुढं मी सांगोल्याला त्यांना शोधत गेले. माफी मागायला गेले होते. त्यांनी चहा पाजला. मी म्हटलं, "मामा, माझ्या साईटवर या." माफीचा शब्द काढलाच नाही. मामा आले. अकरा वर्षं माझ्याबरोबर राहिले. प्रत्येक सांगाडा बांधून झाला की मला हाक मारायचे, "ताई, सळया मोजून घ्या." मी मोजेपर्यंत काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, माझा मान ठेवतात. मामा गेल्यावर कळलं, पुन्हा कुणी चूक आपल्यावर ढकलू नये म्हणून ते असं करत असावेत.

एकदाच मी विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

म्हणाले, "बोललो असतो तर कोण ऐकलं असतं, ताई?"

तेव्हाही माफी न मागता मी पुढच्या सळया मोजायला गेले.

काल महादेवीनं मला विचारलं, "ताई, आमच्या अप्पांनी खरंच कॉलम बिघडवला होता का?" एवढी वर्षं ही मुलगी ते मनात घेऊन राहिली. मला तिथं तिच्याकडं बघवेना.

महादेवी, तुझ्या अप्पांनी काही बिघडवलं नाही. अण्णा, तुम्ही विचारलं होतंत, चूक कुणाची. चूक माझी होती. ड्रॉइंग माझं होतं, मामांनी मला सावध केलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. इथं बसलेल्या ठेकेदारांनीही हे ऐकावं आणि बाहेर जाऊन सांगावं.

हे मामांसमोर बोलायचं होतं. अकरा वर्षं रोज ते समोर होते. मावशी, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्हाला वाटेल ते मला बोला, मी ऐकेन.

आता आपण सगळे उभे राहू या, आणि शिवप्पा मामांसाठी थोडा वेळ शांत राहू या.