सोमाच्या जागी

आमचा पाडा जामसरच्या अंगाला, दहा-बारा घरांचा, सगळे भात-नागलीवाले. बा लवकर गेला. घरात आई, मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान भाऊ सोमा. तुम्ही लिहून घेताय तर घ्या, पण मला चांगला माणूस म्हणून लिहू नका.

तेव्हा वेठ होती. रस्ता तुटला, दगड टाका. साहेब आला, सामान वाहा. घरटी एक माणूस द्यायचा, कोणता ते घरानं ठरवायचं, डोकी भरली की झालं. शाळेचं छप्परही आम्ही वेठीतच उभारलेलं, त्यामुळे पेरणी उरकल्यावर मास्तर आला आणि पाटलानं पटावर पोरांची नावं घातली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही नवी वेठ. म्हातारे म्हणाले, फुकट बसवतात, वर काही मागत नाहीत, म्हणजे पुढे मोठंच काहीतरी मागणार. कुणी म्हणे, पोरं मोजून लढाईला नेतील. शेवटी ठरलं, घरटी एक डोकं बसवायचं, कोणतं का असेना. पेरलेल्या रानात गुरं सांभाळायला पोरं लागतातच, मग कुणी लंगडा काका पाठवला, कुणी आजा. काय सांगू तुम्हाला, अशी ती शाळा.

आमच्या घरातून पटावर सोमा. तो गुरांमागे गेला, मी शाळेत. मास्तरानं सोमा म्हणून पुकारलं, मी हजर म्हणालो. मास्तर म्हणाला, बसा सोमाजीराव, मिशीला जागा पुरते ना. सगळे हसले, मीही हसलो. आदल्या वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली होती, तेव्हापासून हसलो नव्हतो. पाटीवर पहिली रेघ ओढली आणि वाटलं, मागचं सगळं पुसून मी नव्यानं सुरू झालोय. मग दर वर्षी शाळा उघडायची वाट मी पोरासारखी बघायचो.

हळूहळू म्हातारे गळाले, त्यांच्या जागी दोन-चार पोरं आली. एक दिवस मास्तरानं मला थांबवलं. म्हणाला, अरे ही वेठ नाही, कुणाच्या बदल्यात कुणी बसायचं नसतं. भावाला पाठव, तूही ये, दोघे शिका.

मी हो म्हणालो, पण घरी यातलं काही सांगितलं नाही. दोघं शाळेत गेलो तर गुरं कोण बघणार? आणि एकच जाणार असेल तर मला जायचं होतं. हे आज पहिल्यांदा सांगतोय. सोमा ओढ्यातले खेकडे धरून आणायचा, भाजून मोठा माझ्या पुढ्यात ठेवायचा. म्हणायचा, खा दादा, माझी वेठ तू ओढतोस. मी खायचो.

मास्तर बदलून गेला. नव्या मास्तरानं पट बघून दाखला दिला तो सोमाच्या नावाचा. तोही मी घेतला, त्याच्यावर जंगलाच्या नाक्यावर लाकडाच्या गाड्या लिहायचं काम मिळालं. आजही जव्हारात मला सोमा नाकेदार म्हणतात. सोमा नांगर धरतो आणि अंगठा लावतो. त्याच्या नावाच्या दाखल्यावर मी नोकरी करतोय हे त्याला कळलं तेव्हा तो भांडला नाही, फक्त माझ्या हातचं काही घ्यायचं सोडलं. आजारपणात माझं औषध घ्यावंच लागलं तरी आधी कुत्र्याला चाटवायचा.

दर साली शाळा उघडली की मी त्याच्या दारी जायचो, म्हणायचो, बस माझ्यापाशी, शिकवतो. तो म्हणायचा, आता कशावर अंगठा पाहिजे तुला?

यंदा शाळा उघडली त्या दिवशी आपल्या पोराला वर्गात बसवून तो सरळ माझ्या अंगणात आला. पोराची पाटी त्याच्याच हातात राहिली होती. ती पुढे केली.

“माझं नाव लिही. तुझं नको.”

मी पाटी मांडीवर घेतली. लिहिलं, सोमा, पुढे बाचं नाव. त्यानं पाटी उलटीसुलटी करून बघितली.

“हे मीच कशावरून?”

जव्हारात पाटी कुणाला दाखवली तर ते म्हणतील, हा तर नाकेदार. म्हणून काल पहाटे भाकर बांधून तो मोखाड्याच्या बाजाराला गेलाय, तिथे मला कुणी ओळखत नाही. नाव पुसलं जाऊ नये म्हणून पाटी पळसाच्या पानांत गुंडाळून नेलीय. तिथल्या कुणाकडून तरी वाचून घेणार. घेऊ दे. त्याचा तेवढा हक्क आहे. वाचणारा खरं सांगो, एवढंच माझं मागणं.