एमबीए लिही आणि मोकळी हो

विद्यापीठाच्या प्रवेश खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. मुलीची पदवी झाली होती, पुढचा विषय मात्र अजून ठरत नव्हता.

“एमबीए लिही आणि मोकळी हो.”

“बाबा, किती वेळा सांगू? मला संघटनात्मक मानसशास्त्र करायचंय.”

“म्हणजे वेड्यांची डॉक्टर.”

“नाही हो! ऑफिसातली, कारखान्यातली माणसं का कंटाळतात, नोकरी का सोडतात, ते शिकायचं.”

“साहेब खडूस असतो म्हणून सोडतात. झालं! त्याला दोन वर्षं कशाला?”

“मग तुम्ही एकतीस वर्षं का नाही सोडलीत? रोज घरी येऊन आमच्यावर डाफरायचात.”

“तुमची शिक्षणं कोण करणार होतं?”

“आणि तुमच्या त्या साहेबाला कुणी समजावलं असतं तर?”

“त्याला? तो ऐकणारा नव्हता.”

“कुणी सांगून पाहिलं होतं?”

“…नाही.”

खिडकीतल्या बाई खेकसल्या, “विषय बोला लवकर!”

“मानसशास्त्र,” बाबाच म्हणाले. “ते ऑफिसातलं. बाई, तुमचे साहेब कसे आहेत हो?”

बाईंनी मागच्या बंद केबिनकडे एकदा पाहिलं आणि अर्जावर शिक्का दाणकन हाणला.