मुठीतली बाटली

वाशीच्या बस डेपोत शर्मिलाच्या पुढे सारसोळे कोळीवाड्यातल्या मायलेकी रांगेत उभ्या होत्या. लेकीच्या गळ्यात कुठल्याशा प्रयोगशाळेचं ओळखपत्र होतं. शर्मिलाने मोबाईलमध्ये डोकं घातलं, पण कान काही मिटता येईनात.

"आई, मी लॅबमधून आणून आपल्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या त्या बाटलीतल्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे."

"साबनासारका?"

"तसंच. पाण्यात ते रांगा लावून उभे राहतात, त्याला लिक्विड क्रिस्टल म्हणतात. ऊब लागली की रांगा मोडतात, थंड झालं की परत लागतात."

"मी त्याच सांगत व्हती ना! म्हावरा ठेवाला तुजी बाटली फ्रीजमदून काढली, मुठीत धरली, त दुदासारका व्हता त्याचा पानी झाला. परत आत ठेवली, त परत दूद."

"हो. आणि मी चार बायकांसमोर तुला अडाणी म्हटलं. मासे ठेवताना सॅम्पल नासवलंस म्हणून."

"त नासला नव्हता?"

"नाही गं. मग लॅबमध्ये मीच मुठीत धरून पाहिलं. सर म्हणाले, उन्नती, हे तुला सुचलं कसं?"

"तू काय बोलली?"

"असंच सुचलं म्हटलं."

रांग दोन पावलं पुढे सरकली.

"आई, बोल ना काहीतरी."

"तवापासून चार महिने झाले, मी म्हावरा शेजारच्या शेवंताबायच्या फ्रीजमदी ठेवतंय. आता आपल्या फ्रीजमदी ठेवला त चालंल ना?"