अन्नपूर्णेच्या वाटेवर पिठलं

…आणि जेवणाच्या रकान्यात शून्य! शून्य वो पावणं. म्हंजे बघा, आमी नेपाळात अन्नपूर्णेच्या बेस कँपला निघालोय, वाटाड्या धरलाय, ओझंवाला धरलाय, मुक्कामाला लॉज हाईत, सगळ्याला पैसं लावल्यात, आणि जेवणाम्होरं शून्य. बजेट कुणी केलतं? आमच्या मेव्हण्यानं, विजयसिंहनं. डेअरी हाय त्येची, हिशोबाला पक्का, म्हणून मीच म्हटलो, तू कर बाबा… पण आता मला काय वाटत न्हाय. खरंच न्हाय. आधी पायाची बोटं बधिर झालती थंडीनं, मग ते वर वर चढत गेलं, ते आजून उतराय तयार न्हाय.

तर तुम्हाला सांगतो, मी कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला हायस्कुलात भूगोल शिकवतो. जल्मभर फळ्यावर खडूनं हिमालय काढला, आणि स्वतः बघिटलेला मोठा डोंगर कुठला, तर गगनबावड्याचा घाट. पोरं विचारायची, "सर, तुम्ही बघिटलाय का हिमालय?" मी म्हणायचो, पुढचा धडा काढा. लाज वाटायची वो. म्हणून औंदा वर्गाला शब्द दिला, बेस कँपवरनं फोटो आणतो, मागं डोंगर, पुढं मी. तेवढंच पायजे होतं मला, दुसरं काय न्हाय.

आता विजयसिंहचं बोलणं ऐका. "दाजी, लॉजवरच्या डाळभाताला एवढं पैसं? आणि वर जाईल तसा दर वाढतोय म्हणं. आपण काय उपाशी घरचं हाय व्हय? आपलं आपण न्यायचं." आणि न्हेलं की! कडक भाकरी, भडंग, शेंगाची चटणी, खर्डा, डाळीचं पीठ, कांदा-लसूण चटणीचा डबा… ते पोतं उचलाय आणखी एक ओझंवाला धरला. म्हंजे जेवण फुकट, पण त्येला न्ह्यायला पगारी माणूस.

वाटाड्या गुरुङ लई गरीब स्वभावाचा. त्यो आधीच म्हणालेला, "सर, इधर कमरा सस्ता है, क्योंकि खाना सब लोग लॉज में ही खाते हैं. दीदी का धंदा खाने पर चलता है." विजयसिंह म्हटला, "बरं बरं." कोल्हापुरात बरं बरं म्हंजे ऐकलं न्हाय.

बेस कँपच्या अलीकडच्या लॉजवर पोचलो. सगळं ढगात, डोंगराचा पत्ता न्हाय. विजयसिंहनं लॉजवाल्या दीदीकडनं शेगडी मागून घेतली आणि टाकलं पिठलं. लसणाच्या फोडणीचा वास गेला की वो हॉलभर. जर्मन बसलेलं, बंगाली बसलेलं, सगळ्यांच्या माना वळल्या. आता मला सांगा, समोर माणूस बसलाय आणि आपण एकटं जेवायचं, जमतंय व्हय आपल्याला? विजयसिंह उठला, हात जोडून, "या की पावणं, जेवाय या!" जर्मन पावणं या, बंगाली पावणं या. एका जर्मनानं खर्डा खाल्ला, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि परत ताट पुढं. आख्खा हॉल जेवला. दीदीबी जेवली, चांगलं झालंय म्हणाली. तिच्यामागं चुलीवर डाळभाताचं हे मोठं पातेलं… झाकलेलं.

सकाळी बिल आलं. आख्ख्या हॉलचं, आमच्या नावावर. गुरुङ खाली बघत म्हणतोय, "सर, दीदी ने सबका चावल चढ़ाया था." तिचं काय चुकलं सांगा? तरीबी त्यो जर्मन देवमाणूस, पाकीट काढून म्हणतोय, माझं मी देतो. मी मनात म्हटलं, घे बाबा, घे. आणि विजयसिंह? जर्मनाचा हात धरला, पाकीट त्येच्याच खिशात कोंबलं. "पावण्याला जेवाय घालून परत पैसं घेऊ व्हय? नाक कापतोस का आमचं?" आणि दिलं सगळं. वर जायचं पैसं व्हतं ते. तिथं ना एटीएम, ना मोबाईलला रेंज. गुरुङ म्हणाला, आता खालीच जावं लागंल. विजयसिंह पाठीवर हात टाकून म्हणतोय, "दाजी, डोंगर काय पळून जातोय व्हय?" मी त्या ढगाकडं बघत हुबा. फोटोसाठी काढलेला मोबाईल परत खिशात घातला. मग पायाचं बधिरपण पार छातीपतोर चढलं. आता मला काय वाटत न्हाय.

उरलेलं पोतं विजयसिंहनं दीदीलाच देऊन टाकलं. परत ओझं कशाला, म्हटला.

परवा गुरुङनं मोबाईलवर फोटो धाडला. लॉजच्या दारात दीदी हसत हुबी, हातात नवी पाटी, त्यावर कोल्हापुरी पिठलं आणि म्होरं दर. आणि मागं पावणं, मागं डोंगर! ढगाचा ठिपका न्हाय, सगळा पांढराशुभ्र, उन्हात. असा दिसतोय व्हय, म्हटलं.

वर्गात न्हेला, पडद्यावर मोठ्ठा करून लावला. म्हटलं, बघा पोरांनो, ह्यो हिमालय. सगळी गप. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची अवनी उठली. "सर, तिथं पिठलं एवढं महाग असतंय व्हय?"

मी म्हटलं, पुढचा धडा काढा.