नाव झाकून

चुन-रे : ती नाशपातीची पेटी दारातच राहू दे, पोरी. आत आणलीस की मी घेतल्यासारखं होतं. आधी सांगा, चोवीस कोणी लिहिलं?

सोल-ही : सिस्टर, त्याचसाठी तर आम्ही सकाळच्या बोटीनं आलो.

चुन-रे : बोट मला ठाऊक आहे, या बेटावर दुसरं येतंय काय? चोवीस कोणी लिहिलं?

सर : मी. माझं नाव नामगुंग. शाळेत इंग्रजी शिकवत होतो. तुमच्या दवाखान्यात जो प्रोग्राम चालतो, त्यातली आपल्या भाषेतली वाक्यं इंग्रजीवरून सोळा वर्षं मीच लिहितो आहे. विनामूल्य.

चुन-रे : विनामूल्य म्हणून चुकलेलं चालतं? पडद्यावर काय होतं ते मला पाठ आहे. ‘उघडलेली बाटली चोवीस तासांनी टाकून द्यावी.’ सोमवारी दुपारी लसीची बाटली उघडून एका माणसाला टोचलं, उरलेली फ्रीजमध्ये ठेवली. मंगळवारी सकाळी तीच काढून नऊ जणांना टोचलं. गुरुवारी वरच्या कचेरीतून फोन. म्हणे, मुदत सहा तासांची आहे, सगळ्यांना पुन्हा टोचा.

सर : कुणाला काही झालं?

चुन-रे : झालं असतं तर मी इथं बसून तुमच्याशी बोलले असते? कुणाला काही झालं नाही. पण नऊ दारं पुन्हा चढले. या बेटावर डॉक्टर नाही, सर. मीच एकटी. एकोणीस वर्षांत ‘सिस्टर, हे काय टोचतेस’ असं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी नऊच्या नऊ जणांनी विचारलं. टेकडीवरच्या आजीनं तर हातच पुढे केला नाही. म्हणाली, आधीचं पाणी होतं का?

सर : मी लिहिलं तेव्हा इंग्रजीत चोवीसच होतं. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, फक्त सांगतो.

सोल-ही : खरं आहे, सिस्टर. लिहिणारे जगभर पसरलेत, कुणीही सुधारू शकतं. मागच्या वसंतात मूळ वाक्यात चोविसाचे सहा झाले. मूळ बदललं की आपल्या ओळीवर पिवळी खूण येते, म्हणजे ही पुन्हा बघा. मग दोघांनी बघून ‘बरोबर’ दाबायचं. त्याशिवाय ओळ पुढे जात नाही.

चुन-रे : मग ही गेली कशी?

सोल-ही : दोघांनी दाबलं.

चुन-रे : कोण ते दोन आंधळे?

सोल-ही : एक सैन्यात भरती झालाय, सध्या फोनवर येत नाही. दुसरी मी.

सर : तू? मला वाटलं होतं, कुणी नवीन असेल.

चुन-रे : तू वाचलंस? एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला चोवीस?

सोल-ही : वाचलं. दिसलंही. पण ओळीखाली सरांचं नाव होतं. वाटलं, सरांनी काही विचार करून ठेवलं असेल. त्यांना फोन करून ‘सर, हे चुकलंय का’ विचारायला माझी जीभ रेटली नाही. मी कॉलेजात असताना त्यांनी मला या कामात आणलं. दारूचा पहिला ग्लास त्यांनी भरला, मी तोंड फिरवून प्याले, मोठ्यांसमोर मान राखून पितात तसं. सिस्टर, त्यांच्या ओळीही मी तशाच वाचते. तोंड फिरवून.

सर : असं मी कधी सांगितलं होतं तुला?

सोल-ही : तुम्ही कशाला सांगाल? आमच्यातल्या कुणालाच सांगावं लागलं नाही. सोळा वर्षांत तुमची एक ओळ परत आलेली नाही, सर. मी मोजलं. एक नाही.

सर : मी समजत होतो, चांगल्या असतात म्हणून येत नाहीत.

चुन-रे : छान. तुम्ही एकमेकांना मान देता आणि सुई मी टोचते.

सोल-ही : म्हणूनच नवी पद्धत बसवतोय. मूळ वाक्य बदललं की जुनी ओळ पडद्यावरून उतरायची. नवी लिहून होईपर्यंत जागी इंग्रजी. तपासणारे दोघं, त्यातला एक रोज हे वापरणारा हवा, तुमच्यासारखा. आणि तपासताना नाव झाकलेलं. कोणाची ओळ, कळणारच नाही. फक्त सरांची संमती हवी. आपल्या भाषेची किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय सुरू होत नाही.

सर : इंग्रजी दिसेल तर सिस्टरांनी काय करायचं?

चुन-रे : इंग्रजी दिसलं तर मला कळेल की मला कळत नाही. फोन करीन कुणाला तरी. तुमचं ते सुरेख चोवीस वाचून मला वाटलं, मला कळलं.

सर : आणि नाव? सोल-ही, या कामात पगार नाही, पद नाही. बायको म्हणायची, कुणासाठी डोळे फोडता? मी तिला ओळीखालचं नाव दाखवायचो. तेवढंच होतं दाखवायला.

सोल-ही : नाव कायमचं जात नाही, सर. ओळ पास झाली की परत लागतं. फक्त तपासताना झाकलेलं.

सर : तेव्हाच तर लोक नाव वाचतात.

सोल-ही : मागच्या आठवड्यात चाचणी घेतली, आठवतं? साठ ओळी, नावं झाकून.

सर : आठवतं. कुणीतरी घाईनं लिहिलेल्या होत्या. बऱ्याच परत पाठवल्या मी.

सोल-ही : एक्केचाळीस.

सर : असतील. त्या माणसाला वाईट वाटलं का?

चुन-रे : सांग ना, पोरी. कुणाच्या होत्या?

सोल-ही : सरांच्याच. साठच्या साठ. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या.

सर : लसीच्या साठवणुकीची एक ओळ होती. तिच्यावर मी शेरा मारला होता. काय मारला होता?

सोल-ही : राहू द्या ना, सर.

सर : वाच.

सोल-ही : ‘लिहिणाऱ्याने लसीची बाटली कधी हातात धरलेली दिसत नाही.’

सर : शेरा बरोबर आहे. सिस्टर, एखादी रिकामी बाटली आहे का?

(चुन-रे उठून कपाटातून एक बाटली आणून त्यांच्या तळहातावर ठेवते.)

सर : एवढीशी? आणि एवढी बारीक अक्षरं?

चुन-रे : मग? म्हणून तर पडद्यावरचं वाचते मी. तिथं मोठं असतं.

सर : त्या टेकडीवरच्या आजी. मी जाऊन सांगू का, की चूक माझी होती, सिस्टरांची नव्हे?

चुन-रे : तुम्हाला ती ओळखत नाही, तुमची चूक ऐकून ती काय करील? मला ओळखते. मीच जाईन परत. तुम्ही तुमचं काम करा.

सर : सोल-ही, ती नवी पद्धत सुरू कर. दोघांतला एक म्हणून सिस्टरांचं नाव घाल.

चुन-रे : मला विचारलंत?

सर : विचारतो आहे.

चुन-रे : मी पाडून ठेवीन वाक्यं. तोंड बघणार नाही कुणाचं.

सर : म्हणूनच.

चुन-रे : बरं. पेटी आण ग आत. सुरी ओट्यावर आहे.

सोल-ही : आणते. सर, चारची बोट आहे आपली. आवरायला हवं.

सर : सकाळीही असते ना एक? तो लॅपटॉप उघड. सिस्टर, खुर्ची जवळ घ्या. हं, वाच पहिली ओळ. कोणाची आहे ते सांगू नकोस.