शंकरकाकांच्या वळूची वेसण

तुम्ही सगळे कामावरून थेट आलात. मला बोलणं जड जातंय, म्हणून क्रमाने सांगते.

१. मंगळवारी सकाळी शंकरकाका अजमानजवळच्या आपल्या गोठ्यात वळूला बाहेर काढायला आत गेले.

२. वळूने त्यांना लोखंडी कठड्यावर दाबलं. तीन वेळा. दुसऱ्या धडकेला बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला.

३. मग शिंग पोटात गेलं. काका गेले तेव्हा माझा हात जखमेवर होता.

४. वळूच्या नाकात वेसण नव्हती.

गोठ्याच्या रिपोर्टमध्ये पहिल्या तीन गोष्टी आहेत. चौथी नाही. शेवटी लिहिलंय, कामगाराचा निष्काळजीपणा.

निष्काळजीपणा? मंडळी, काका आधी वळूला हाक मारायचे, मग हात हुंगू द्यायचे, मग वेसण धरायचे आणि म्हणायचे, यल्ला राजा, चल. बावीस वर्षं हाच क्रम. वेसणीच्या दोराला रोज खोबरेल लावायचे.

मी तिथे जनावरांचे उपचार बघते. लंगड्या गाईला काका तापल्या सळईचा डाग द्यायचे. कातडं जळायचं, गाय कठड्याला डोकं आपटायची. ते मी बंद केलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यांनी वाद घातला नाही. मी लॅपटॉपवर नोंदी बघून औषध ठरवायचे; तो लॅपटॉप गाईचा पाय चाटून बघतो का, एवढंच विचारलं.

मग वळूच्या नाकात पू झाला. जखम भरेपर्यंत वेसण काढा, असं मी सांगितलं.

"पोरी, तो माझं ऐकत नाही. वेसणीचं ऐकतो."

मी म्हटलं, दहाच दिवस. त्यांनी स्वतः दोर कापला.

जखमेबद्दल माझं बरोबर होतं. पण त्या दहा दिवसांत आत कोणी जायचं नाही, वळूला बाहेरूनच हाकायचं, हे मी लिहून दिलं नाही. चूक ती आहे. माझी आहे.

काल गावाहून सुशीलाकाकूंचा फोन आला. यांचं काय चुकलं गं, विचारत होत्या. मी म्हटलं, काही नाही. मला ते लेखी द्यायचंय.

दोर कापला तेव्हा या हॉलमधले तुम्ही तिघं तिथे होतात. सुपरवायझर तुम्हाला खलास, विषय संपला, असं म्हणालाय, मला माहीत आहे. नोकरीची भीती मलाही आहे.

आता काकांसाठी एक मिनिट उभे राहू या.

नंतर त्या तिघांनी माझा जबाब वाचावा. वर माझी सही आहे. खाली तुमची हवी. कराल की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.