जेवलीस का, एवढंच विचारलं

मी मूळचा वाईकडचा, शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी, मग मुंबईच्या गोदीत वेल्डिंग शिकलो आणि तिथून सिंगापूरच्या शिपयार्डात गेलो, आणि काय सांगू तुम्हाला, इंग्रजी मी तिथं शिकलो, पुस्तकातून नाही, माणसांच्या तोंडातून. फोरमन चिनी, आ हॉक त्याचं नाव, जोडीदार तमिळ, क्रेनवाला मलय, मग सगळ्यांची मिळून एक इंग्रजी. कॅन? म्हणून विचारायचं, कॅन म्हणून सांगायचं, काम ठरलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटाला 'ला' लावायचा, आपण नाही का म्हणत, बस की, जा की, तसा. आ हॉक शिवी देतानाही ला लावायचा, मग ती लागायची नाही. आणि सकाळी गुड मॉर्निंग नाहीच, ईट ऑलरेडी? जेवलास का. बायको-पोरगा गावाला, मला विचारणारा तेवढा एकच माणूस, बघा.

त्याच इंग्रजीवर माझा दिनेश इंजिनियर झाला. बायको गेली तसं त्यानं मला इथं अमेरिकेत, जर्सी सिटीत आणलं. नात ईरा, तिला मराठी येत नाही, पण आमचं माझ्या इंग्रजीत झकास जमलं. आजोबा, पार्क कॅन? कॅन ला. शाळेतून आली की मी दारातच विचारायचो, ईट ऑलरेडी? नॉट येट ला, म्हणायची आणि हसत सुटायची.

मागल्या हिवाळ्यात शेजारच्या गोऱ्या बाईचा नवरा गेला. आपल्याकडं असल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. दिनेशबरोबर मी गेलो. तो व्हेरी सॉरी वगैरे बोलला. मी म्हणलं, यू ईट ऑलरेडी? बाई माझ्याकडं बघतच राहिली आणि रडायला लागली. दिनेशनं माझ्या वतीनं माफी मागितली, माझ्यादेखत, आणि घरी येऊन म्हणला, बाबा, प्लीज, तुम्ही लोकांसमोर इंग्रजी नका बोलू, आणि ईराशी पण नको, ती शाळेत तसंच बोलते, मुलं हसतात.

हसतात? ज्या इंग्रजीनं तुला शिकवलं तिला? बरं, म्हणलं, माझी इंग्रजी बंद. बंद म्हणजे बंद. ती बाई कशानं रडली ते मला ठाऊक आहे, चूक माझी नव्हती, आजही नाही.

ईरा यायची, आजोबा, पार्क कॅन? मी नुसती नाही अशी मान हलवायचो. आजोबा, यू अँग्री? मी मराठीत बोलायचो, तिला कळायचं नाही, उभी राहायची, जायची. पुढं यायचीच थांबली. दिनेश दोनदा म्हणला, बाबा, इतकं नव्हतं म्हणलं मी. मी ऐकलं नाही. आ हॉक असता तर म्हणला असता, ओल्ड मॅन, डोन्ट लाइक दॅट ला, म्हणजे असं नको वागूस. तोही आता नाही, त्याच्या पोरीनं फोनवर कळवलं. ती बोली मी आता कुणाशी बोलू, सांगा.

परवा ईरा शाळेतून आली, कानात ते गाण्याचं अडकवलेलं. मला काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघूनच गेलं, ईट ऑलरेडी? तिनं कानातलं काढलं आणि म्हणली, येस, आय हॅव, थँक यू. नीट म्हणली, पाहुण्याला म्हणतात तसं. आणि आपल्या खोलीत गेली.

चांगलंच बोलते पोर, कोणी हसणार नाही तिला. सुखी राहो. परमुलखात गेली कधी, तर जेवलीस का म्हणून विचारणारं कुणीतरी तिला भेटो, कसल्याही इंग्रजीत.